पाय आखूड राहिला, म्हणजे डॉक्टर दोषी का?

ताई,

तुमच्या 8 वर्षांच्या मुलाचं मांडीचं हाड गुडघ्यापाशी, वाढीच्या थरातूनच मोडलं. ऑपरेशन झालं, पिना निघाल्या, ‘आता काळजी नाही’ म्हणून घरी सोडलं. दीड वर्षाने पाय 2 सेंटिमीटर आखूड भरतोय, गुडघाही वाकडा दिसतोय. डॉक्टरांवर दावा लावता येईल का, असं तुम्ही विचारता.

नुसत्या आखूड पायावर दावा टिकणार नाही. मांडीच्या हाडाची जवळपास 70 टक्के वाढ याच थरातून होते आणि तो अपघातातच चिरडलेला असू शकतो. मग हाड अचूक बसवलं तरी वाढ खुंटते. समोरचा वकील हेच मांडेल. मात्र आट्यांचा स्क्रू थरातून आरपार घातलेला असेल, तर त्यानेही वाढ खुंटू शकते, म्हणून त्याचं कारण डॉक्टरांना द्यावं लागेल. जुने एक्स-रे दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा आणि त्यांचं मत लेखी घ्या.

मला जास्त खटकतं ते ‘काळजी नाही’ हे वाक्य. अशा दुखापतीनंतर दर काही महिन्यांनी दोन्ही पायांचे एक्स-रे काढून वाढीवर नजर ठेवावी लागते. थरात वाढ अडवणारा हाडाचा पूल तयार होतोय हे वेळेत कळलं, तर काही मुलांमध्ये तो काढता येतो. वय वाढलं की ती संधी जाते. हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? डिस्चार्ज कार्डवर पुढची तारीख आहे का? नसेल, तर तुमची खरी तक्रार ती आहे. संमतीपत्रावरची सही तिला आड येत नाही. ऑपरेशनची परवानगी म्हणजे नंतरच्या दुर्लक्षाला माफी नव्हे.

केस पेपर आजच लेखी अर्ज करून मागा, पोच घ्या. 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार ते 72 तासांत द्यावे लागतात, पण दाखल रुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षंच जपण्याचं बंधन आहे.

ग्राहक आयोगात जायला मुदत 2 वर्षांची. नुकसान उशिरा उघड झालं तर मुदत ते कळल्यापासून धरता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने श्रीखंडे खटल्यात 2010 साली म्हटलं आहे. तरी त्या भरवशावर राहू नका, ऑपरेशनच्या तारखेपासूनच मोजा. उपचार सगळ्याच रुग्णांना पूर्ण मोफत सेवा देणाऱ्या सरकारी रुग्णालयात झाले असतील, तर मात्र दिवाणी न्यायालयात जावं लागेल.

पोलिसांत तक्रार करू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालानंतर (2005) डॉक्टरांवर फौजदारी गुन्ह्यासाठी अतिगंभीर निष्काळजीपणा दाखवावा लागतो. इथे तो दिसत नाही.

आणि दाव्यासाठी मुलाचं पुढचं ऑपरेशन अडवून ठेवू नका. त्याआधीचा एमआरआय आणि दोन्ही पायांची मोजमापं तेवढी जपून ठेवा.