रात्रीचे विमान घ्या, पण शनिवारचे

(नागपूरच्या एका वाचक भगिनीचे पत्र थोडक्यात: वय ४६, एका शाळेत गणित शिकवते. लहानपणी हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन शिकले, गेली सहा वर्षे पाश्चात्त्य पद्धतीने शिकते आहे. जुलैमध्ये ऑस्ट्रियातील साल्झबर्गला दोन आठवड्यांच्या उन्हाळी संगीत वर्गासाठी माझी निवड झाली आहे. पहिल्याच सोमवारी दुपारी १२ वाजता गुरूंसमोर वाजवायचे आहे आणि त्यावरून गट ठरणार आहे. रविवारी दिवसभर घरचे सगळे करून ठेवायचे, संध्याकाळी नागपूरहून मुंबई, तिथून रात्रीच्या विमानाने म्युनिक आणि पुढे आगगाडीने साल्झबर्ग, असा बेत आहे. त्यामुळे तिथल्या राहण्याचे एका रात्रीचे पैसे वाचतील. सासूबाई म्हणतात, रात्रभर एकटी बाई कशी जाणार? यजमान म्हणतात, तुझे तू ठरव. मी काय करावे?)

प्रिय भगिनी,

सासूबाईंच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण तिचे उत्तर सोपे आहे. त्यांच्या डोळ्यांसमोर रात्रीची एस.टी. आणि सुनसान बसस्थानक असावे. विमानात तुम्ही दोन-तीनशे माणसांमध्ये, स्वतःच्या नावाच्या खुर्चीत, दिवे मंद करून बसलेल्या असाल. परक्या गावात एकट्या बाईला अडचण येते ती रात्री पोहोचण्याची, आणि रात्री निघालेले विमान तुम्हांला सकाळी उतरवते. जुलैमध्ये तिकडे रात्री नऊच्या सुमारापर्यंत उजेड असतो, म्हणजे रस्ता चुकला तरी तो शोधायला अख्खा दिवस हाताशी राहतो. हे त्यांना जेवताना सहज सांगा, वाद घालू नका. पटेल.

तेव्हा रात्रीच्या विमानाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती रविवारला.

तुम्ही गणिताच्या शिक्षिका आहात, म्हणून तुमच्याच पत्रातले आकडे तुमच्यापुढे ठेवते. रविवारी तुम्ही सकाळी सहाला उठणार. सोमवारी साल्झबर्गमध्ये दुपारचे १२ वाजतील तेव्हा नागपुरात साडेतीन वाजलेले असतील, कारण उन्हाळ्यात आपले घड्याळ त्यांच्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते. विमानात बसल्या बसल्या लागणाऱ्या डुलक्या सोडल्या तर तुम्ही तोवर साडेतेहेतीस तास जाग्या असाल. घड्याळातला साडेतीन तासांचा फरक शरीर एक-दोन दिवसांत पचवते, त्याचा बाऊ करण्याचे कारण नाही. पण न झालेली झोप पचत नाही आणि ती आधी गज धरणाऱ्या उजव्या हातात दिसते. तुम्ही मोत्सार्टच्या एका कंचेर्टोचा (वाद्यवृंदाच्या साथीने एका वाद्यासाठी रचलेल्या कृतीचा) संथ भाग वाजवणार आहात. दमलेली व्यक्ती जलद भाग सवयीच्या जोरावर रेटून नेऊ शकते, पण संथ सुरात गज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढताना तो कुठे थरथरला हे समोरच्याला लगेच कळते. मी स्वतः एकदा मुंबईहून रात्रीच्या गाडीने परत येऊन, आंघोळ करून, थेट कार्यक्रमाच्या सूत्रसंचालनाला उभी राहिले होते आणि ज्यांच्या सत्कारासाठी सभागृह भरले होते त्यांचेच आडनाव चुकले होते. ती तर नुसती बोलण्याची गोष्ट होती.

शिवाय या बेताला कुठेच ढील नाही. जुलैच्या पावसात मुंबईची विमाने खोळंबतात हे नागपूरकरांना सांगायला नको. म्युनिकला उतरल्यावर पासपोर्टची रांग, विमानतळावरून शहरातल्या स्थानकापर्यंत पाऊण तास आणि तिथून साल्झबर्गपर्यंत जवळजवळ दोन तास. यातली एक कडी निसटली, की १२ वाजता तुम्ही कुठल्यातरी फलाटावर असाल. नागपूर-मुंबई आणि मुंबई-म्युनिक ही दोन तिकिटे वेगवेगळी काढली असतील तर पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकल्यास त्याची जबाबदारी बहुधा कोणीच घेत नाही. म्हणून चार पैसे जास्त गेले तरी दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर घ्या.

आता व्हायोलिनविषयी, कारण तुमच्या पत्रात त्याच्या प्रवासाबद्दल एक ओळही नाही. ते विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात अजिबात टाकू नका. मात्र गज मावणारी लांब पेटी साधारण ८० सेंटिमीटरची असते आणि केबिनमधील सामानाची मर्यादा बऱ्याच कंपन्यांकडे ५५ सेंटिमीटर, त्यामुळे दोन्ही विमान कंपन्यांकडून आधीच लेखी परवानगी घ्या आणि तो कागद पेटीतच ठेवा. जुलैमध्ये आपल्याकडे लाकूड दमटपणाने फुगलेले असते, खुंट्या घट्ट बसतात. केबिनमधल्या हवेत आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्याही खाली जाते, लाकूड आकसते आणि त्याच खुंट्या सैल होऊन घसरतात. तारा किंचितच उतरवा. पूर्ण सैल केल्यात तर तारा पेलणारी घोडी पडेल आणि आतला साउंडपोस्ट म्हणजे छोटा लाकडी दांडा, जो कुठेही चिकटवलेला नसतो व केवळ दाबावर उभा असतो, तोही आडवा होईल. तो परत उभा करायला कारागीर लागतो, आणि सोमवारी सकाळी तुम्ही परक्या गावात कारागीर शोधत हिंडणार का? पोहोचल्यावर पेटी खोलीत काही वेळ बंदच राहू द्या, मग सूर लावा. लाकडालाही एक दिवस हवा असतो.

राहता राहिला तो रविवार. शनिवारी निघालात तर शाळेची एक रजाही जास्त लागत नाही, हे तुमच्या लक्षात आले नसेल असे मला वाटत नाही. जास्तीचा खर्च होतो तो फक्त एका रात्रीच्या खोलीचा. तरीही तुम्ही रविवार धरून ठेवला आहे, कारण पत्रात तुम्हीच लिहिले आहे, ‘घरचे सगळे करून ठेवायचे’. दोन आठवड्यांची भाजणी, चटण्या, निवडून ठेवलेल्या भाज्या, फ्रीजवर चिकटवलेली यादी, हे मला इथे बसून दिसते आहे. एवढे केले म्हणजे आपले जाणे घराला खपेल, असे आपल्या पिढीच्या बायकांना वाटते, मलाही वाटायचे. पण तुमच्या पत्रात घरातल्या कुणी जाऊ नको म्हटल्याचे कुठेच नाही. सासूबाईंनी रात्रीची काळजी केली, यजमानांनी निर्णय तुमच्यावर सोडला. त्या एका रात्रीच्या भाड्याचा हिशोब तुम्हांला घरात कुणी मागितलेला नाही, तो तुम्ही आपणहून मांडून बसला आहात. निवडून न ठेवलेली मेथी तुमचे यजमान निवडतील. देठे राहतील थोडी. राहू द्या.

म्हणून शनिवारी संध्याकाळी नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून निघा, रविवारी दुपारपर्यंत साल्झबर्गला पोहोचा, पण दुपारी झोपू नका. उजेडात पायी हिंडून वर्गाची इमारत पाहून या. झोपेआधी अर्धा तास नुसते संथ गज ओढा आणि तिथले नऊ वाजले की पडा. खोली रविवारपासून मिळेल का, हे वर्गाच्या कार्यालयाला आजच विचारा. व्हिसाच्या अर्जातली पोहोचण्याची तारीखही त्याप्रमाणेच भरा.

आणि तिकीट काढताना एक गोष्ट नीट पाहा. मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर रविवारची तारीख आणि पहाटे १ ची वेळ छापलेली असेल, तर तुम्हांला मुंबईच्या विमानतळावर शनिवारी रात्रीच हजर असायला हवे. रविवारी रात्री पोहोचलेले लोक मी पाहिले आहेत.

तुमची,
ताई