बेचाळीस विहिरींचा नकाशा आणि बी.एड.चा फॉर्म

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतचा नकाशाचा फोटो तर झूम करकरून बघितला. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगते काय लिहिलंय ते. लातूरच्या औसा तालुक्यातलं गाव, कोरडवाहू शेती, मुलगी टीवायबीएला, विषय भूगोल. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तिनं गावातल्या ४२ विहिरी आणि बोअर पायी फिरून मोबाईलवर लोकेशन घेतलं, कुठली कधी आटते ते लोकांना विचारलं आणि मैत्रिणीच्या लॅपटॉपवर नकाशा काढला. सर म्हणाले जीआयएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर माहितीचे नकाशे करायच्या कामात, करिअर कर. तिचे पप्पा म्हणतात बी.एड. कर. मामा म्हणतो एआय आलंय, नकाशे आता आपोआप निघतात. आणि एका क्लासवाल्यानं सहा महिन्यांच्या कोर्सचे ८५ हजार सांगितलेत, वर शंभर टक्के प्लेसमेंटची गॅरंटी. तुमचा प्रश्न एवढाच की हे खरंच काही आहे का नुसतं फॅड, आणि पैसे भरू का.

पैशाचं आधी सांगते म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. भरू नका. शंभर टक्के प्लेसमेंट म्हणणाऱ्याला फक्त एक विचारा, मागच्या बॅचची पोरं कुठं लागली आणि त्यातल्या दोघांचे फोन नंबर द्या, बघा काय उत्तर येतं ते. सहा महिन्यांत शिकवतात ती सॉफ्टवेअरची बटणं, आणि ती बटणं फुकट शिकता येतात. क्यूजीआयएस म्हणून सॉफ्टवेअर आहे, एक रुपया लागत नाही, तुमच्या मुलीनं बहुतेक तेच वापरलंय, फोटोच्या कोपऱ्यातल्या खुणांवरून तरी तसं वाटतंय. डेहराडूनला आयआयआरएस ही इस्रोची संस्था आहे, तिचे ऑनलाइन कोर्स फुकट असतात आणि सर्टिफिकेटही मिळतं. ८५ हजारातून एक बरा लॅपटॉप घ्या, उरलेले बँकेत ठेवा.

आता हे फॅड आहे का. तुमच्याकडच्या माणसाला पाण्याचं मी काय सांगणार, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायला लागलं ते लातूर. पण मुलीनं जे केलंय त्यात अजून काय करता येतं ते बघा. आज तिच्या नकाशावर ४२ ठिपके आहेत. त्याच्याखाली जमिनीच्या चढउताराचा थर टाकला, मग ओढे टाकले, मग कुठं मुरूम आहे, कुठं मांजऱ्या दगड, कुठं नुसता काळा पाषाण तो खडकाचा थर टाकला, की मग दिसायला लागतं की दोन विहिरी एकाच शिवारात दोनशे फुटांवर असून एक मार्चला का आटते आणि दुसरी मे पर्यंत का टिकते. आपल्या भागातला खडक लाव्हाच्या थरांचा, पाणी सगळीकडं सारखं मुरत नाही आणि सारखं साठतही नाही. हे जुन्या माणसांना अंदाजानं माहीत असतंच, पण अंदाज ग्रामसभेत कुणी ऐकत नाही, बंधारा कुठं घ्यायचा यावर जो मोठ्यानं बोलतो त्याचं चालतं. नकाशा भिंतीवर लावला की निदान भांडण तरी मुद्द्यावर येतं. जीआयएस म्हणजे हेच, एकाच जागेबद्दलच्या वेगवेगळ्या माहितीचे थर एकावर एक ठेवून बघायचे. बाकी सगळं तपशील.

याची खरी कामं चालू आहेत आणि आपल्याच राज्यात चालू आहेत. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, ज्याला लोक पोकरा म्हणतात, गावाचा पाण्याचा ताळेबंद काढायचं गणित आयआयटी मुंबईच्या लोकांनी बसवून दिलं. पाऊस किती, जमिनीत मुरला किती, वाहून गेला किती, पिकानं घेतला किती. सांगली-कोल्हापुरात पूर आला की निळी रेषा आणि लाल रेषा हे शब्द पेपरात येतात, पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर कुठवर येईल आणि शंभर वर्षांतून एकदाचा कुठवर, त्या रेषा. त्या कुणीतरी मोजून नकाशावर ओढाव्या लागतात, आणि एकदा ओढल्या की कुणाला बांधकामाची परवानगी मिळणार, कुणाला नाही तेही त्यावरूनच ठरतं, त्यामुळं त्यांच्यावरून भांडणं होतात.

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते काम मात्र पाण्याचं नाही, संडासाचं आहे. हसू नका. पुण्यात शेल्टर असोसिएट्स म्हणून संस्था आहे, आर्किटेक्ट प्रतिमा जोशी यांनी १९९३ च्या सुमारास सुरू केलेली, पुणे, सांगली अशा शहरांमधल्या झोपडपट्ट्यांचे नकाशे त्यांनी घराघराच्या तपशिलानं केलेत. कुठल्या घरात संडास आहे, कुठल्या नाही, आणि ड्रेनेजची लाइन कुठून जाते. या तीन गोष्टी एका नकाशावर आल्या की कळतं कुठल्या घराला आज स्वतःचा संडास बांधून देता येईल आणि कुठं आधी लाइन न्यावी लागेल. सामान संस्था देते, बांधकाम घरचे करून घेतात. आता यात सॉफ्टवेअर किती आणि दारोदार जाऊन बायकांशी बोलणं किती? माझ्या मते पंचवीस टक्के आणि पंच्याहत्तर टक्के. तुमच्या मुलीनं ते पंच्याहत्तर टक्केवालं काम कुणी न सांगता केलंय, ४२ ठिकाणी जाऊन, उन्हात. ते ८५ हजारात मिळत नाही.

मामांचा मुद्दा चुकीचा नाही हां. सॅटेलाइटच्या फोटोवरून घरं, रस्ते, शेतं हातानं गिरवायचं काम आता मशीन करायला लागलंय, आणि खरं सांगायचं तर या फील्डमधल्या सुरुवातीच्या कितीतरी नोकऱ्या त्याच असायच्या. पुण्या-हैदराबादकडच्या कंपन्यांमध्ये दिवसाला अमुक इतके पॉलिगॉन, म्हणजे गिरवलेले आकार, असं टार्गेट, रात्रपाळी, पगारातून रूम आणि मेस गेली की हातात फारसं काही नाही. माझ्याकडं आलेल्या दोन-तीन मुलांनी वर्षभरात सोडलं. म्हणून मी "जीआयएस ऑपरेटर हो" असं कुणालाच सांगत नाही. पण मशीनला कुठली विहीर खारी आहे, कुठली भावकीच्या वादात बंद आहे, कुठल्या बोअरला मोटर टाकायला पैसे नव्हते म्हणून ती "कोरडी" म्हणून लिहिली गेली, हे वरून दिसत नाही. सेंटिनेल नावाच्या युरोपच्या सॅटेलाइटचे फोटो फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी नवा, पण त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवर दहा मीटर बाय दहा मीटर. तीस बाय तीसचं शेततळं म्हणजे फक्त नऊ ठिपके. विहीर तर दिसणारच नाही. तिथं माणूसच जावा लागतो.

वरून दिसतं तेच खरं धरलं तर काय होतं त्याचंही एक उदाहरण देते, कारण मुलीला हे आत्ताच कळलेलं बरं. वनहक्क कायदा २००६ चा. आदिवासी कुटुंब म्हणतं आम्ही ही जमीन कसतो, आणि साहेब सॅटेलाइटचा जुना फोटो काढून म्हणतात इथं तर झाडी दिसते, दावा नामंजूर. असे प्रकार इतके झाले की २०१२ ला नियमच दुरुस्त करून लिहावं लागलं की सॅटेलाइटचा फोटो हा बाकीच्या पुराव्याला जोड म्हणून वापरायचा, त्याच्या जागी नाही. आणि त्याच कायद्यात उलटंही झालंय, गावांनी स्वतः जीपीएस हातात घेऊन जंगलाची हद्द चालून काढली आणि दाव्याला जोडली. गडचिरोलीत मेंढा-लेखाला साधारण १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला तो २००९ ला, देशातल्या पहिल्या गावांपैकी एक, त्यानंतर कितीतरी गावं अशी हद्द मोजायला लागली. तंत्रज्ञान तेच, फक्त मोजणारा बदलला.

बरं, आता पुढं काय शिकायचं. पुण्याला विद्यापीठात आणि सिम्बायोसिसमध्ये जिओइन्फर्मेटिक्सचं, म्हणजे जीआयएस आणि सॅटेलाइटच्या माहितीचं, एम.एस्सी. आहे, सिम्बायोसिसची फी जड आहे, ती आधी बघून घ्या. बी.ए. झालेल्यांना घेतात का हे दरवर्षीच्या माहितीपत्रकात नीट वाचा, काही ठिकाणी बी.एस्सी.च मागतात, फोन करून विचारायला लाजू नका. एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत २०२२ पासून जिओमॅटिक्सचा, म्हणजे मोजणी आणि नकाशांच्या तंत्राचा, वेगळा पेपर आहे, पण ती वाट इंजिनिअर किंवा एम.एस्सी. झालेल्यांची, आत्ता तिचा विचार नको. आणि एक जागा तुमच्या अगदी शेजारी आहे जी कुणी सांगत नाही. तुळजापूर. टाटा समाजविज्ञान संस्थेचा, म्हणजे टिसचा कॅम्पस आहे तिथं, ग्रामीण विकास, उपजीविका, नैसर्गिक संसाधनं असे विषय. बी.ए. चालतं, प्रवेश सीयूईटी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून. तिथं जीआयएस हा मुख्य विषय नाही, पण माझं मत विचाराल तर गावाचा प्रश्न कळणारं शिक्षण आणि बाजूनं स्वतः शिकलेलं क्यूजीआयएस, ही जोडी नुसत्या जीआयएसच्या डिग्रीपेक्षा या मुलीला जास्त शोभेल. इंग्रजीची भीती लिहिलीत. असणार, सगळ्यांना असते, पहिलं सेमिस्टर रडत जातं, मग जमतं.

सरकारी नोकरीबद्दल पप्पांना दोन गोष्टी सांगा. नागपूरला एमआरसॅक आहे, राज्य सरकारचं रिमोट सेन्सिंगचं, म्हणजे सॅटेलाइटवरून माहिती घ्यायचं केंद्र, तिथं प्रोजेक्टवर कंत्राटी जागा निघतात, त्या कायम नसतात पण शिकायला उत्तम. भूमी अभिलेखच्या भूकरमापक भरतीला मात्र सिव्हिलचा डिप्लोमा किंवा आयटीआय सर्व्हेअर मागतात, भूगोलाची डिग्री चालत नाही, आणि भूजल सर्वेक्षणात भूवैज्ञानिक व्हायचं तर भूशास्त्र लागतं. "नकाशाचं शिकली म्हणजे मोजणी खात्यात लागेल" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

आणि बी.एड.बद्दल पप्पांवर चिडू नका. त्यांनी आयुष्यभर पावसाच्या भरवशावर संसार केलाय, लेकीला पगाराचा भरवसा पाहिजे असं त्यांना वाटणारच. फक्त बी.एड. दोन वर्षांनीही करता येतं, ते पळून जात नाही, आणि शिक्षक भरतीसाठी वर्षानुवर्षं थांबलेली पोरं त्यांनी गावातच बघितली असतील. दोन वर्षांची मुदत मागा त्यांच्याकडून. घरात मुदत मागितली की ऐकतात, परवानगी मागितली की नाही म्हणतात, हा माझा अनुभव.

आता जरा मुलीशी बोलते, तिला हा भाग वाचून दाखवा नाहीतर तिच्याच हातात द्या.

अगं, काम छान केलंयस. दोन-तीन गोष्टी सुधार. प्रत्येक विहिरीपुढं तारीख टाक, "उन्हाळ्यात आटते" हे कुणाला उपयोगाचं नाही, पाण्याची पातळी दोरीनं मोज, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर असं चारदा. भूजल सर्वेक्षणवालेही त्यांच्या निरीक्षण विहिरी वर्षातून अशाच चारदा मोजतात, मग तुझे आकडे त्यांच्याशी लावून बघता येतील. मोबाईलचं लोकेशन चार-पाच मीटर इकडं तिकडं असतं, विहिरीला चालतं, पण त्यावरून कुणाच्या बांधाची हद्द दाखवू नकोस, भावकीत डोकी फुटतील. आणि सॉफ्टवेअरमध्ये यूटीएम झोन नीट निवड, म्हणजे नकाशासाठी पृथ्वीचे जे उभे पट्टे पाडलेत त्यातला आपला पट्टा, लातूर ४३ मध्ये येतं. हसशील, पण आमच्या एका ट्रेनिंगमध्ये एकानं यवतमाळच्या शाळांना ४४ ऐवजी ४३ झोन दिला आणि सगळ्या शाळा अरबी समुद्रात गेल्या, दमणच्या बाजूला. दिवसभर कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण रिपोर्टात नुसता तक्ता होता, नकाशा उघडून कुणी बघितलाच नव्हता. नकाशा झाला की फ्लेक्सवर छापून ग्रामपंचायतीत लाव आणि बाजूला पेन ठेव. म्हातारी माणसं चुका काढतील, त्या काढू दे.

आणि एक विचारायचं होतं. तुझ्या आईनं पत्रात लिहिलंय की गावाबाहेरच्या वस्तीवर दर उन्हाळ्यात टँकर येतो. तुझ्या ४२ ठिपक्यांमध्ये गावठाण आहे, मळे आहेत, देवळाजवळचा आड पण आहे, पण त्या बाजूला नकाशा एकदम पांढरा आहे. तिथं पाणी नाही म्हणून ठिपका नाही, की तू तिकडं गेली नाहीस? टँकर कुठं उभा राहतो, तिथवर किती घरांना किती लांब चालावं लागतं, पाणी भरायला कोण जातं, हे पण टाक. मग पाठव मला.