बांगडा राज्याची हद्द बघत नाही

मालवणच्या एका बाबांचं पत्र आहे: 'मुलीला बारावीला 71 टक्के. नीटमध्ये जमलं नाही. लातूरला रिपीटला पाठवायचं आम्ही ठरवलंय, पण ती पर्यावरण धोरण शिकायचं म्हणते. त्यात पोट भरतं का? तिची समजूत काढा.'

नमस्कार. समजूत काढतो, पण तिची नव्हे. दोन पानांत 'आम्ही ठरवलंय' चारदा आलंय आणि मुलीचं म्हणणं एका ओळीत, तेही तुमच्या शब्दांत. मला तिच्या गुणांपेक्षा याची धास्ती वाटते. बोटीचं कर्ज डोक्यावर आहे, म्हणून घाई, हे कळतं. पण डॉक्टर व्हायचंच नाही म्हणणाऱ्या मुलीला लातूरच्या खोलीत वर्षभर कोंडून ते फिटणार आहे का? उलट फीची भर पडेल.

दुसऱ्या पानावर तुम्हीच परराज्यातल्या ट्रॉलरवर तोंडसुख घेतलंय. अहो, तोच तर तिचा विषय! पर्यावरण म्हणजे झाडं लावणं नाहीतर मोर्चे काढणं, ही समजूत आधी सोडा. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत मासेमारीवर राज्याचा कायदा, त्यापुढे केंद्राचा; बांगडा दोन्हीकडे फिरतो. आपण जाळी गुंडाळून ठेवायची आणि शेजारच्या राज्यानं ओढायची, तर मासेमारीबंदीचा उपयोग काय? तिलारीचं धरण महाराष्ट्र-गोव्याचं एकत्र. दोडामार्गात उतरलेले हत्ती कर्नाटकातले. पश्चिम घाटाबद्दल माधव गाडगीळ समितीनं 2011 मध्ये अहवाल दिला, पण घाटातल्या 6 राज्यांचं एकमत काही झालं नाही. अशा वेळी मासळीचे आकडे, नकाशे आणि कायदा तिन्ही कळणारं माणूस लागतं.

तिच्याही बेताशी मी पूर्ण सहमत नाही. बारावीनंतर लगेच 'धोरण' शिकू नये. नुसत्या गुळगुळीत नावाच्या डिप्लोम्यात तर पैसे घालूच नका. आधी पक्का विषय हवा. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीला वनशास्त्र. शहर-गावांच्या नियोजनाची पदवी हवी तर जेईईचा वेगळा पेपर असतो. धोरण पदव्युत्तरला. भारतीय वनसेवा मनात असेल तर तिला आत्ताच सांगा: त्या परीक्षेला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र असे ठरावीक विषय पदवीला लागतात; नुसतं पर्यावरणशास्त्र त्या यादीत नाही.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. पाकिटात घालण्याआधी तुम्ही वाचू नका.