एनआयएने जप्त केलेला लॅपटॉप: माहिती अधिकारात अडकू नका

झडतीत भावाचा लॅपटॉप एनआयएने (राष्ट्रीय तपास यंत्रणेने) नेला, तो आरोपी नाही, आणि तुमचा माहिती अधिकाराचा अर्ज 'कलम २४' दाखवून फेटाळला. आमचं घर याच फेऱ्यातून गेलंय, म्हणून सविस्तर लिहितो. मी वकील नाही. अर्ज वकिलाकडूनच करून घ्या.

एनआयए २०११ पासून माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कलम २४ ने सूट दिलेल्या संस्थांच्या यादीत आहे. भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कभंगाचा आरोप असेल तरच वाट उघडते, त्यातही हक्कभंगाच्या माहितीला केंद्रीय माहिती आयोगाची मंजुरी लागते. 'लॅपटॉप कधी देणार' हा प्रश्न दोन्हींत बसत नाही. आमची सगळ्यात महागात पडलेली चूक हीच: पहिलं अपील, दुसरं अपील करत बसलो. मधे एका कार्यालयाने अर्ज 'आमच्याशी संबंधित नाही' म्हणून परत पाठवला. खरं तर पाच दिवसांत तो योग्य ठिकाणी वर्ग करणं त्यांच्यावर बंधनकारक होतं. याचा संताप अजून जात नाही. पण अपील जिंकलं असतं तरी कागदच मिळाला असता, लॅपटॉप नाही. मुद्देमाल सोडायचा अधिकार न्यायालयाचा.

तेव्हा विशेष न्यायालयात मुद्देमाल परत मिळण्यासाठी अर्ज करा. वस्तू कोर्टापुढे हजर केलेली नसेल तर बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ५०३, केली असेल तर ४९७ (जुन्या निकालांत ही आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमं ४५७ आणि ४५१ म्हणून दिसतील). अर्जावर 'आरसी'ने सुरू होणारा गुन्हा क्रमांक हवाच.

आता पंचनामा काढून बघा. 'काळ्या रंगाचा लॅपटॉप' एवढंच लिहिलंय की सिरियल नंबरही आहे? कधी चार्जरचाच नंबर उतरवलेला असतो. तो बिलाशी जुळला नाही तर मालकीवरच हरकत येते. बिल कंपनीच्या नावाचं असेल तर कंपनीचं अधिकारपत्र जोडा.

'फॉरेन्सिक अहवाल आलेला नाही' ही ठरलेली हरकत. म्हणून मागणी दोन पायऱ्यांत लिहा: डिस्कची हॅशसह (डेटा बदललेला नाही हे दाखवणारा सांकेतिक क्रमांक) प्रत काढून मूळ लॅपटॉप सुपूर्तनाम्यावर (खटला संपेपर्यंत सांभाळायच्या अटीवर) द्यावा, ते शक्य नसेल तर निदान डेटाची प्रत आमच्या हार्डडिस्कवर द्यावी. विकणार नाही, फॉरमॅट करणार नाही, बोलावल्यावर हजर करू, असं हमीपत्र सोबत द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या सुंदरभाई देसाई (२००२) निकालाची वकिलांना आठवण करून द्या. मुद्देमाल विनाकारण महिनोन्‌महिने अडकवू नये, असं त्यात स्पष्ट आहे.

फोनही नेला असेल तर सिमसाठी थांबू नका, त्याच नंबरचं नवं सिम कंपनी देते. बँकेचे ओटीपी आधी सुरू करून घ्या.