रुंद नेकची गिटार: आधी कॅपो लावा, मग पैसे मोजा

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत होती: बोटं जाड, तारा जवळजवळ. त्यामुळे या वेळचं सदर पूर्णपणे गिटारच्या नेकसाठी, म्हणजे आपण तारा दाबतो त्या लांब दांडीसाठी.

प्रश्न (लातूर): मी गॅरेजमध्ये काम करतो, बोटं जाड आहेत. वर्षभर ४३ मि.मी. नटची (नट म्हणजे नेकच्या टोकाची खाचांची पट्टी, जिच्यावरून तारा खुंट्यांकडे जातात) गिटार वाजवतोय. ए मेजर कॉर्ड धरली की दुसऱ्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीपाशी) तीन बोटं मावत नाहीत. सी धरली की पहिली तार दबते आणि 'थप्' वाजते. क्लासमध्ये म्हणतात, सवय होईल. रुंद नेकची गिटार घेऊ का?

उत्तर: 'सवय होईल' हे उत्तर अर्धंच खरं आहे. पण नवी गिटार घेण्याआधी त्रास नेमका कशाचा आहे ते शोधू. त्यासाठी एक कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून ठेवणारा चिमटा) आणि कागदाची एक पट्टी पुरते.

आधी हिशेब. नटची रुंदी म्हणजे तारांमधलं अंतर नव्हे. ४३ मि.मी. नटवर दोन्ही कडांना साधारण साडेतीन मि.मी. सोडलेले असतात. सहावी (सर्वात जाड) ते पहिली (सर्वात बारीक) तार हे अंतर उरतं ३६ मि.मी. त्याचे पाच भाग केले की दोन तारांमध्ये ७.२ मि.मी. मिळतात. नट ४४.५ चा असेल तर हाच आकडा ७.५ च्या आसपास, ४६ ला ७.८ आणि ५२ मि.मी.च्या क्लासिकल गिटारला साधारण ८.७. म्हणजे ४३ वरून ४४.५ वर गेलात तर प्रत्येक फटीत जेमतेम ०.३ मि.मी. वाढतात. आकडा लहान दिसतो, पण बोटाचा मांसल भाग शेजारच्या तारेला लागतो की नाही, हे मि.मी.च्या अशा तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यातच ठरतं. म्हणूनच दीड मि.मी. रुंद नेकने एखाद्याची सुटका होते आणि दुसऱ्याला काहीच फरक जाणवत नाही.

तुमचं काय होईल, ते तुमच्याच गिटारवर पाहता येतं. नटकडून ब्रिजकडे (गिटारच्या अंगावर तारा जिथे अडकवतात तिकडे) जाताना तारा पसरत जातात: नटपाशी ३६ मि.मी., ब्रिजपाशी ५४ च्या आसपास. कॅपो दुसऱ्या फ्रेटवर लावला की कॅपोपाशी हे अंतर साधारण ३८ मि.मी. होतं, म्हणजे ४४.५ च्या नटइतकं. तिसऱ्या फ्रेटवर ते ३९ च्या जवळ जातं, म्हणजे ४६ च्या नटइतकं. तिथे ए, सी आणि डी धरून पाहा. लक्षात ठेवा, वर सरकलं की फ्रेट एकमेकांच्या जवळ येतात, त्यामुळे ए ची तीन बोटं लांबीच्या दिशेने जास्त दाटतील. आपल्याला पाहायचंय ते फक्त आडवं अंतर: शेजारची तार मोकळी वाजते का?

पण त्याआधी कॅपो पहिल्या फ्रेटवर लावून तेच कॉर्ड वाजवा. इथे रुंदीत जेमतेम एक मि.मी. वाढतो, पण नटच्या खाचा हिशेबातून बाहेर जातात. पहिल्या फ्रेटवरच आवाज स्वच्छ आला तर दोष रुंदीचा नाही, नटच्या खाचा उंच आहेत. स्वस्त गिटारींमध्ये हे फार दिसतं. कारखान्यात खाच उंच सोडतात, कारण उंच खाचेने तार खरखरत नाही आणि गिटार परत येत नाही. वाजवणाऱ्याला मात्र पहिल्या दोन फ्रेटवर जोर लावावा लागतो. जोर लावला की बोटाचं टोक चेपून पसरतं आणि शेजारच्या तारेवर जातं. वाजवणाऱ्याला वाटतं, नेक अरुंद आहे.

खात्री करायची तर कॅपो काढा, तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या डोक्यावर किती फट राहते ते बघा. झेरॉक्सच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मि.मी. असते. त्याची एक पट्टी तारेखालून जेमतेम सरकली तर खाच बरोबर आहे. चार-पाच पट्ट्या एकावर एक जात असतील तर गिटार बदलू नका, कारागिराकडून नट दुरुस्त करून घ्या. सहाही तारा तपासा, कारण एकाच नटवर दोन खाचा चांगल्या आणि चार उंच असंही असतं.

खाच घासायला प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस लागते. १२ ते ५३ च्या सेटमध्ये (हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागांत तारांची जाडी सांगतात) पहिली तार ०.३० मि.मी. आणि सहावी १.३५ मि.मी. असते, हे लक्षात घेतलं की हॅक्सॉच्या पात्याने हे काम का होत नाही ते कळेल. खाचेचा उतार खुंट्यांकडे असावा लागतो. सपाट किंवा उलटा झाला तर मोकळी तार सतारीसारखी झणझणते. सतारीला ती जवारी शोभते, गिटारला नाही.

त्याच कारागिराकडून हाडाचा नवा नट बसवताना तारा थोड्या पसरूनही घेता येतात. बाहेरच्या तारा कडेपासून साडेतीनऐवजी तीन मि.मी.वर आणल्या की एकूण एक मि.मी. मिळतो. त्यापलीकडे जाऊ नका. फ्रेटची टोकं तिरकी घासलेली असतात, पहिली तार जरा खाली ओढली गेली की कडेवरून निसटते. खाचांची आखणी तारांच्या मध्यापासून न करता कडेपासून करायला सांगा. जाड तारा जास्त जागा खातात, मध्यापासून मोजलं तर पाचवी आणि सहावी दाटीवाटीने बसतात.

आणि ए मेजर? पहिलं बोट तिसऱ्या तारेवर, मधलं चौथीवर, अनामिका दुसरीवर, अशी धरा. मधलं आणि अनामिका दोन बाजूंना जातात, पहिलं त्यांच्यामध्ये किंचित मागे बसतं. तीन बोटं एका सरळ रांगेत कोंबावी लागत नाहीत.

एवढं करूनही दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटवरच्या कॅपोनेच आवाज मोकळा होत असेल, तर रुंद नेक तुमच्यासाठी आहे. बिनधास्त घ्या.

प्रश्न (परभणी): इथल्या दुकानात मोजक्या गिटारी असतात, म्हणून ऑनलाइन घ्यायची आहे. पण जाहिरातीत रंग आणि लाकूड असतं, नेकची रुंदी नसते. काय शोधायचं?

उत्तर: 'नट विड्थ' हा आकडा शोधा. विकणाऱ्याच्या पानावर नसला तर कंपनीच्या स्पेसिफिकेशनमध्ये मिळतो. तिथेही नसला तर ४२ किंवा ४३ मि.मी. धरून चाला. आपल्याकडे सर्वात जास्त दिसणाऱ्या यामाहा एफ३१०, एफजी८०० आणि एफएस८०० या तिन्हींचा नट ४३ चाच आहे. एफजी मोठी आणि एफएस अंगाने लहान, म्हणून नेकही वेगळा असेल असं अनेकांना वाटतं. तसं नाही.

स्टीलच्या तारांमध्ये खरोखर रुंद हवी असेल तर सीगल एस६ ओरिजिनलचा नट १.८ इंच, म्हणजे ४५.७ मि.मी. आहे. जाड बोटांसाठी मला हा सर्वात समंजस आकडा वाटतो. यामाहा एलएल१६ ४४ चा आहे. टेलरच्या ३०० मालिकेपासून वर ४४.५ मिळतो, पण किंमत फार वर जाते. मार्टिन डी-२८ बाबत जपा: २०१७ च्या बदलानंतर तिचा नट ४४.५ चा झाला, त्याआधीच्या ४३ च्या आसपास आहेत. नाव एकच, हाताला मात्र वेगळी.

इंचातले आकडे वाचताना गोंधळ होतो. १ ११/१६ म्हणजे ४२.९ मि.मी., १ ३/४ म्हणजे ४४.५, १ ७/८ म्हणजे ४७.६, आणि २ इंच म्हणजे ५०.८.

नायलॉनच्या तारा चालणार असतील तर मधला मार्ग आहे. यामाहा एनटीएक्स१ आणि कॉर्डोबाच्या फ्यूजन गिटारींचा नट ४८ चा आहे, म्हणजे क्लासिकलपेक्षा अरुंद आणि स्टीलपेक्षा रुंद. खिशाला परवडणारी मात्र यामाहा सी४०, नट ५२. एटीएम कार्डाची आखूड बाजू ५४ मि.मी. असते. ती हातात आडवी धरली की सी४० चा नेक केवढा, याचा अंदाज घरबसल्या येतो. क्लासिकलचा फिंगरबोर्ड (नेकची बोटांखालची फळी) सपाट असतो आणि नेक बहुधा बाराव्या फ्रेटला अंगाला मिळतो. स्टीलच्या गिटारचा चौदाव्याला मिळतो आणि बोर्डाला किंचित गोलाई असते. सपाट बोर्डावर बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून) धरणं पहिले काही महिने जड जातं, हे आधीच माहीत असू द्या.

रुंद म्हणजे जाड, असा समज करून घेऊ नका. ४४.५ चा नेक पाठीमागून सडपातळ असू शकतो आणि ४३ चा लठ्ठ. अंगठा लवकर दुखत असेल तर रुंदीपेक्षा ही जाडी बघा. आणि बोटांनी तारा छेडून वाजवणार असाल तर ब्रिजपाशी पहिली ते सहावी किती अंतर आहे तेही विचारा: ५५ च्या पुढे असेल तर उजव्या हाताला आराम.

पार्सल आलं की कागदाची पट्टी नटला टेकवून तारांखाली ठेवा, पहिल्या आणि सहाव्या तारेच्या मध्याची खूण करा, मोजा, पाचाने भागा. परत करायची मुदत संपायच्या आत.

प्रश्न (अंबाजोगाई): घरात क्लासिकल गिटार आहे, नेक रुंद असल्याने हाताला छान बसते. पण भजनात पेटी आणि पखवाजापुढे आवाज ऐकूच येत नाही. तिला स्टीलच्या तारा लावू का?

उत्तर: नाही, एक दिवसासाठीसुद्धा नाही. नायलॉनच्या सहा तारांचा ताण साधारण ३८ किलो असतो, स्टीलच्या १२ ते ५३ च्या सेटचा ७० किलोच्या वर. क्लासिकलची वरची फळी पातळ असते, आतले आधार पंख्यासारखे हलके मांडलेले असतात आणि बहुतेकींच्या नेकमध्ये ट्रस रॉड (नेक सरळ ठेवणारा आतला गज) नसतो. आधी ब्रिजमागची फळी फुगते, मग ब्रिजच्या मागच्या कडेला केसाएवढी फट पडते, आणि एखाद्या दुपारी ब्रिज उखडून येतो. नेक वाकला तर सरळ करायला आत काहीच नाही.

आवाजच हवा असेल तर त्याच गिटारला हाय टेन्शन नायलॉन सेट लावा, थोडा फरक पडेल. त्याहून जास्त हवा तर पिकअप (गिटारचा आवाज ॲम्प्लिफायरपर्यंत नेणारा भाग) बसवा आणि मंडळाच्या ॲम्प्लिफायरला जोडा. पिकअप घेताना चुंबकीय घेऊ नका, नायलॉन त्याला कळत नाही. पिझो प्रकारचा, सॅडलखाली (ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीखाली) बसणारा किंवा फळीला चिकटणारा घ्या.

प्रश्न (नांदेड): मुलगी अकरा वर्षांची आहे. पुढे त्रास नको म्हणून सुरुवातीपासूनच रुंद नेकची घ्यावी का?

उत्तर: नको. लहान हाताला रुंद नेकवर सहाव्या तारेपर्यंत पोचायला मनगट वाकवावं लागतं, आणि ती सवय नंतर सोडवणं अवघड. ३/४ मापाची गिटार घ्या, तारा हलक्या लावा. तिचा हात वाढेल तेव्हा नवा नेक निवडता येईल.

प्रश्न (जालना): ४४.५ नटची जुनी गिटार स्वस्तात मिळतेय. चार वर्षं पत्र्याच्या खोलीत होती. बघताना काय तपासू?

उत्तर: पत्र्याची खोली हेच तपासण्याचं पहिलं कारण. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी ठणठणीत होते आणि पत्र्याखाली उष्णता वेगळीच. लाकूड आडवं आकसतं, फ्रेटचा धातू आकसत नाही. म्हणून नेकच्या कडेवरून बोट फिरवा: फ्रेटची टोकं काट्यासारखी टोचली तर गिटार वाळलेली आहे. टोकं कानशीने घासता येतात, खर्च फार नाही. वरच्या फळीला भेग आहे का, ते उजेडात तिरपं धरून बघा. ब्रिजच्या मागे कागदाचं टोक सरकतं का पाहा. सरकलं तर सरस सुटतोय.

मग नेक. कॅपो पहिल्या फ्रेटवर, सहावी तार चौदाव्यावर दाबा आणि सातव्या फ्रेटवर फट बघा. दोन कागदांएवढी, म्हणजे ०.२ मि.मी.च्या आसपास हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड पाव फेरा आवळून सुधारतो. पण आधी रॉड फिरतो का ते मालकासमोर पाहा, अडकलेला असेल तर सौदा सोडा.

बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेखाली एटीएम कार्डांची थप्पी सरकवून उंची कळते. सपाट छपाईचं एक कार्ड ०.७६ मि.मी. जाड असतं. तीन कार्डं जेमतेम जावीत. चार सहज गेली तर उंची जास्त आहे. सॅडल एक मि.मी. घासलं की बाराव्या फ्रेटवर अर्धा मि.मी. उतरतो. पण सॅडल आधीच ब्रिजमध्ये जवळजवळ बुडालेलं असेल आणि तरी तारा उंच असतील, तर नेकचा कोन बिघडलाय. नेक काढून पुन्हा बसवण्याचा खर्च या किमतीच्या गिटारला परवडत नाही, तिथे मोह नको.

घेतलीत तर केसमध्ये ठेवा, भिंतीवर टांगू नका. साबणदाणीला भोकं पाडा, ओला करून घट्ट पिळलेला स्पंज तिच्यात घाला आणि उन्हाळाभर केसमध्ये ठेवा. छोटा डिजिटल आर्द्रतामापक काही शे रुपयांत मिळतो, आकडा ४५ ते ५५ टक्क्यांत राहू द्या. कूलरच्या झोतात मात्र गिटार ठेवू नका. दुपारी कूलरने खोली दमट, रात्री बंद केला की कोरडी, या रोजच्या फेऱ्याने फळी फुगते आणि आकसते, आणि तारांची उंची सकाळ-संध्याकाळ बदलत राहते. पावसाळ्यात उंची थोडी वाढली तर लगेच सॅडल घासायला नेऊ नका. ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी झाली की फळी बसते, आणि घासलेल्या सॅडलवर तारा खरखरायला लागतात.