ड्रायव्हरच्या प्रोबमध्ये गोटू वापरावा, की सगळं डेव्हएमवर सोडावं?

तुमच्या लिनक्स ड्रायव्हरच्या प्रोबमध्ये, म्हणजे डिव्हाइस सापडल्यावर कर्नल ड्रायव्हरचं जे फंक्शन चालवतो त्यात, गोटू आहेत (सी भाषेतली, थेट एखाद्या लेबलावर उडी मारायची ओळ). तुमच्या सीनियरनी रिव्ह्यूमध्ये ‘गोटू काढा’ म्हटलंय आणि तुम्ही विचारताय की काढून सगळीकडे डेव्हएम, म्हणजे घेतलेल्या गोष्टी आपोआप सोडणारे कर्नलचे कॉल, लावले तर चालेल का. नुसतं वाईट म्हणतात म्हणून गोटू काढू नका. का ते सांगतो, जरा लांबेल. याच दोन शब्दांपायी पुण्यातल्या एका कंपनीत माझे दोन आठवडे गेलेत.

एआरएम प्रोसेसरचा बोर्ड, त्यावर एसपीआय या सिरीयल बसला जोडलेली एडीसी, म्हणजे अ‍ॅनालॉग सिग्नलचे आकडे करणारी चिप. ड्रायव्हर माझा. प्रोबमध्ये आधी डेव्हएमने स्ट्रक्चरची मेमरी, मग साध्या (डेव्हएम नसलेल्या) रिक्वेस्ट-थ्रेडेड-आयआरक्यूने इंटरप्ट, म्हणजे चिपने हाक मारली की माझं हँडलर फंक्शन चालावं ही सोय, मग रेग्युलेटर (चिपचा वीजपुरवठा), मग क्लॉक. मध्येच काही फसलं तर गोटूने उडी मारायला खाली लेबलं उलट्या क्रमाने, जे शेवटी घेतलं ते आधी सोडायचं. टीम लीडने पहिल्याच ओळीत विचारलं, “गोटू? इंजिनिअरिंगला काय शिकवलं तुला?” मग संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्राचं गोटूविरोधातलं १९६८ सालचं पत्र निघालं. ते पत्र शीर्षकापलीकडे वाचलेला लीड मला अजून भेटायचाय. लिनक्सच्या कोडिंग स्टाइलमध्ये नेमक्या याच कामासाठी गोटू वापरायला सांगितलंय, हे मी उघडून दाखवलं. उत्तर आलं, “ते त्यांचं. आपलं स्टँडर्ड वेगळं आहे.”

मग मी गोटू काढून इफच्या पोटात इफ घातले. पाच पातळ्या. प्रत्येक फांदीत सोडायच्या गोष्टी पुन्हा पुन्हा लिहायच्या, आणि रेग्युलेटर न मिळाल्याच्या फांदीत इंटरप्ट सोडणारं फ्री-आयआरक्यू राहून गेलं. हात माझाच, नाकारत नाही. पण त्या आकाराच्या कोडमध्ये ते आज ना उद्या कुणाकडून तरी राहणारच होतं.

आमच्या लॅबमध्ये काही झालं नाही, कारण रेग्युलेटरचा ड्रायव्हर कर्नलमध्येच बिल्ट-इन होता. क्लायंटने आपल्या इमेजमध्ये तो मॉड्यूल केला, म्हणजे वेगळा, मागाहून लोड होणारा. आता बूट होताना माझा प्रोब आधी चालायचा आणि रेग्युलेटर मागितला की उणे ५१७ मिळायचे, म्हणजे ई-प्रोब-डिफर. यात बिघडलेलं काहीच नसतं, पुरवठादार अजून आला नाही, थोड्या वेळाने या, एवढंच. आमचा प्रोब इंटरप्ट न सोडताच परत यायचा. डेव्हएमची मेमरी मात्र ड्रायव्हर कोअर इमानेइतबारे मोकळी करायचा. दुसऱ्या फेरीत इंटरप्ट मागितला की उणे १६, ई-बिझी. लाइन कुणी अडवलीय म्हणून प्रॉक-इंटरप्ट्स ही कर्नलची यादी उघडून पाहिली तर तिथे आमचंच नाव!

हे सोपं प्रकरण. काही बोर्डांवर बूटलोडरने चिप आधीच चालू करून ठेवलेली असायची. तिथे इंटरप्ट खरोखर यायचा, हँडलर पळायचा आणि मोकळ्या झालेल्या मेमरीत हात घालायचा. ती मेमरी तोवर कुणाला दिली गेली असेल त्याप्रमाणे ऊप्स (कर्नलचा क्रॅश-अहवाल) कधी फाइल सिस्टिममध्ये, कधी नेटवर्कमध्ये. आम्ही रॅम खराब समजून बोर्ड बदलत बसलो. शेवटी केसॅन, म्हणजे मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलचं साधन, चालू केलेला कर्नल टाकला, तेव्हा पहिल्याच बूटला यूज-आफ्टर-फ्री, आणि खाली माझ्या हँडलरचं नाव. दुरुस्ती लीडच्या नावाने गेली. कमिट मेसेज होता ‘मायनर क्लीनअप’.

आता तुमचं डेव्हएम. २००७ साली कर्नल २.६.२१मध्ये आलेली चांगली सोय आहे, जरूर वापरा. पण डेव्हएमने घेतलेल्या गोष्टी रिमूव्ह (ड्रायव्हर काढताना चालणारं फंक्शन) संपल्यावर सुटतात, उलट्या क्रमाने. इंटरप्ट डेव्हएमने घेतला आणि रिमूव्हमध्ये क्लॉक हाताने बंद केला, तर मधल्या वेळात क्लॉक बंद आणि इंटरप्ट जिवंत. एसओसीच्या, म्हणजे प्रोसेसरच्याच चिपच्या, आतलं पेरिफेरल असेल तर हँडलरने रजिस्टर वाचताच बस लटकू शकते. इंटरप्ट शेअर्ड, म्हणजे एकाच लाइनवर अनेक डिव्हाइसेसचा, असेल तर डीबग-शर्क हा पर्याय लावून बघा, इंटरप्ट सोडताना कर्नल मुद्दाम तुमच्या हँडलरला एकदा हाक मारून पाहतो. म्हणून एकतर सगळं डेव्हएममध्ये, नाहीतर जिथून हाताने घ्यायला लागलात तिथून पुढे सगळं हाताने. अर्धं-अर्धं नको. ज्याला डेव्हएमचं रूप नाही त्याचं सोडायचं फंक्शन नोंदवायला डेव्हएम-ॲड-ॲक्शन-ऑर-रीसेट आहे.

गोटू ठेवलात तर लेबलांना एर१, एर२ म्हणू नका, काय सोडलं जातं ते नावात येऊ द्या. आणि गोटूच्या आधी रेटमध्ये (प्रोब जो आकडा परत देतो त्यात) एररचा कोड भरायला विसरू नका, नाहीतर प्रोब फसूनही शून्य परत जातो आणि कर्नल समजतो की सगळं झकास आहे. कर्नल ६.५पासून गार्ड आणि फ्रीचे मॅक्रो आलेत, व्याप्ती संपली की साफसफाई आपोआप. तुमचा कर्नल व्हेंडरकडून आलेला जुना असेल तर ते विसरा. नवा असेल तरी एकाच फंक्शनमध्ये ते आणि गोटू एकत्र करू नका.

एक राहिलं. रेग्युलेटरच्या आधी इंटरप्ट घेणं ही माझी मूळ चूक होती. हँडलरला लागणारं सगळं तयार झाल्याशिवाय इंटरप्ट घ्यायचाच नाही. ती ओळ लीडच्या समोर त्या रिव्ह्यूमध्ये होती, गोटूच्या बरोबर वर. त्यावर एक कॉमेंट नव्हती.