विचारा ताईला: सनस्क्रीन लावायची रोजची झटापट

मे महिना लागला आणि यावेळी आलेल्या पत्रांमध्ये, व्हॉट्सॲपवरच्या मेसेजमध्ये सगळीकडे एकच विषय, सनस्क्रीन. कुठल्या कंपनीचं घ्यायचं हे विचारणारे थोडे, लावायचं कसं हे विचारणारे जास्त, आणि मला ते बरोबरच वाटतं कारण खरी दमछाक तिथेच होते. म्हणून या अंकात सगळी पत्रं त्यावरचीच घेतलीत.

ताई नमस्कार, मला दोन मुलं, मोठी चार वर्षांची, धाकटा दीड. सुट्टीच्या दिवशी आम्ही सोमेश्वरला नाहीतर गंगापूर धरणाकडे जातो, पण निघायच्या आधी सनस्क्रीन काढलं की घरात रडारड सुरू. मोठी म्हणते चिकट होतं, डोळ्यात झोंबतं. धाकटा हातातून सुळकन निसटतो आणि मग सोफ्याला, माझ्या ड्रेसला, सगळीकडे पांढरे डाग. नवरा खाली गाडीत बसून हॉर्न वाजवतो. माझ्या स्वतःच्या तोंडाला काही लागतच नाही, आणि ट्यूबवर लिहिलंय दर दोन तासांनी परत लावा, ते कोण करणार? ट्यूब पण महाग, बघता बघता संपते. एवढं सगळं खरंच गरजेचं आहे का?
– गंगापूर रोडवरून एक आई

अगं, पहिलं म्हणजे नवऱ्याला वर बोलाव. दोन मुलं आणि एक ट्यूब हे एका माणसाचं काम नाहीच, मोठीला त्याने लावायचं, धाकट्याला तू. हे मी अगदी मनापासून सांगतेय, कारण बहुतेक घरांत क्रीमपेक्षा या एकटीच्या धावपळीनेच आई थकते.

आता गरजेचं आहे का, तर हो, पण अख्ख्या अंगाला नाही. एसपीएफचा, म्हणजे क्रीम भाजणारं ऊन किती अडवतं ते सांगणारा, आकडा लॅबमध्ये काढतात तेव्हा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा जाड थर देतात, आणि त्या हिशोबाने मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला साधारण ३० मिली लागतं, म्हणजे ५० मिलीची ट्यूब दोनदासुद्धा पुरत नाही. आपण काय करतो, महाग आहे म्हणून वाटाण्याएवढं घेतो आणि सगळीकडे पसरवतो, मग डब्यावर ५० लिहिलेलं असलं तरी तेवढं संरक्षण काही मिळत नाही. त्यापेक्षा अंग कपड्याने झाका आणि जे उघडं राहील तेवढ्यालाच, पण भरपूर लावा. पैसे पण वाचतात आणि रडारड पण अर्ध्यावर येते.

कपडा म्हणजे सैल, फुल बाह्यांचा, घट्ट विणीचा सुती शर्ट आणि पायजमा. कपडा उजेडासमोर धरून मागे हात ठेवून बघ, बोटं स्पष्ट दिसत असतील तर त्यातून ऊन पण आत जाणार, पातळ पांढरे झबले त्यासाठी उपयोगाचे नाहीत, ओले झाले तर अजूनच नाहीत. टोपी चारही बाजूंनी कड असलेली घे, क्रिकेटच्या कॅपमध्ये कान आणि मान उघडी राहते. एवढं केलंस की उरतं काय, तोंड, कान, मानेची मागची बाजू, हाताचे पंजे आणि चप्पल घातली असेल तर पावलांची वरची बाजू. बास.

आणि वेळ. नाशिकला मे महिन्यात सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या सुमाराला, आणि २० मेच्या आसपास तर तो इतका बरोब्बर डोक्यावर असतो की उभ्या माणसाची सावली पायाखालीच जाते, त्यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. मोठीला एक गोष्ट शिकव, आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की ऊन कडक, सावलीत पळायचं. चार वर्षांच्या मुलांना हे फार आवडतं, ती स्वतःच सावली मोजत बसतात आणि तुझं ओरडणं वाचतं. धरणावर सात वाजता जा, साडेआठपर्यंत परत निघा, म्हणजे कडक ऊन लागायच्या आत घरी आणि दोन तासांनी परत लावायचा प्रश्न पण उरत नाही. पाण्याकाठी मात्र लक्ष ठेव, पाण्यावरून आणि कोरड्या वाळूवरून ऊन उलटून अंगावर येतं, टोपीच्या खालून सुद्धा लागतं. आभाळ आलंय म्हणून टाळू नकोस, पातळ ढगातून बरंचसं ऊन येतच असतं.

लावायचं कसं ते आता. निघताना दारात उभं राहून लावायचं नाही, सकाळी नाश्त्याला बसलेत ना, पोह्यांची ताटली समोर आहे, तेव्हा लाव. धाकटा त्याच्या खुर्चीत पट्ट्यात अडकलेला असतो, हातात काहीतरी खायला असतं, तो निसटत नाही. आधी मानेची मागची बाजू आणि कान, कारण तिथे त्याला दिसत नाही, मग पावलं, मग हाताचा वरचा भाग, पंज्याची आतली बाजू सोडून द्यायची कारण तो हात तोंडात आणि डोळ्यात जातो. तोंड सगळ्यात शेवटी. कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी असे पाच ठिपके दे आणि मग पसरव, एकदम हातभर घेऊन चेहऱ्यावर आणलंस की मूल मागे सरकणारच.

डोळ्यात झोंबतं ते बहुतेक वेळा कपाळावरून घामाबरोबर खाली उतरतं म्हणून. त्यासाठी भुवयांच्या वर आणि डोळ्यांच्या आजूबाजूला सनस्क्रीनची स्टिक वापर, झिंक ऑक्साइडची मिळते, ती ओघळत नाही आणि मोठी ती स्वतः फिरवू शकते. तिला तुझ्या हातावर लावायला दे, तू तिच्या गालावर लाव, आरशासमोर. मुलांना दुसऱ्याने फासलेलं नको असतं, स्वतः केलेलं चालतं. तिने सोडलेल्या जागा तू नंतर हळूच भरून काढ. तरी डोळ्यात गेलंच तर साध्या पाण्याने धू, रुमालाने चोळू नकोस.

लहान मुलांना शक्यतो झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवालं घे, बिनवासाचं, एसपीएफ ३० किंवा ५०, त्यावर ब्रॉड स्पेक्ट्रम किंवा पीए आणि पुढे अधिकची चिन्हं असलेलं, म्हणजे भाजणाऱ्या किरणांबरोबर कातडी काळवंडवणारी किरणं पण अडतात. ३० चं नीट लावलं तर त्वचा भाजणाऱ्या किरणांपैकी साधारण ९७ टक्के अडतात, ५० चं ९८ टक्के, म्हणजे आकड्यामागे धावून जास्त पैसे घालवू नकोस. झिंकवालं थोडं पांढरट दिसतं, दिसू दे. नवीन ट्यूब आणली की आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस बघ.

आणि तुझं स्वतःचं. तुझी ट्यूब बेसिनजवळ ब्रशच्या शेजारी ठेव, आंघोळ झाली की मुलांच्या आधी स्वतःला लावून मोकळी हो. दोन बोटांवर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा, तेवढं तोंड आणि मानेला लागतं. मुलांचं झाल्यावर बघू म्हटलंस तर ते होणार नाही, हे तूच लिहिलंयस.

ताई, मुलगा सात वर्षांचा आहे, सुट्टीत स्विमिंगला घातलाय, बॅच ११ ची. घरून सनस्क्रीन लावून पाठवतो तरी नाक आणि खांदे लाल होऊन येतो, परवा तर शर्ट घालू देत नव्हता. स्प्रे घेतला तर पटकन होईल का? मी स्वतः कधी लावत नाही, पुरुष माणसाने काय लावायचं.
– इंदिरानगरहून एक बाबा

दादा, सगळ्यात आधी बॅच बदलून घ्या. सकाळी सातची किंवा संध्याकाळी पाचनंतरची, जागा नसेल तर नाव नोंदवून ठेवा, पण ११ ते १२ उघड्या पाण्यात मे महिन्यात नको. पाण्यात गार वाटतं म्हणून मुलाला कळत नाही, पण ऊन पाण्यातून आत जातं आणि खांदे, नाक, कान तर कायम पाण्याबाहेरच.

तोपर्यंत फुल बाह्यांचा पोहायचा टी-शर्ट घ्या, नाशिकमध्ये खेळाच्या दुकानांत मिळतात, मग पाठ आणि खांद्याला काही लावायलाच नको. उरलेल्या भागाला पाण्यात जायच्या १५-२० मिनिटं आधी लावायचं, लगेच उडी मारली तर धुऊन जातं. ट्यूबवर वॉटर रेझिस्टंट लिहिलेलं बघा, त्याच्यापुढे ४० किंवा ८० मिनिटं असं असतं, तेवढा वेळच ते पाण्यात टिकतं. आणि टॉवेलने खसाखसा पुसलं की उरलेलं पण निघून जातं, म्हणून बाहेर आल्यावर परत लावायचंच, कोचना सांगून ठेवा किंवा त्यालाच शिकवा, सात वर्षांच्या मुलाला जमतं.

स्प्रे मला मुलांसाठी पसंत नाही. वाऱ्यावर अर्धा उडून जातो, श्वासातून आत जातो, आणि अंगावर किती बसला ते कळतच नाही. असेल घरात तर तळहातावर मारून मग हाताने चोळा, तोंडावर सरळ मारू नका, गॅसजवळ तर अजिबात नको.

आत्ता लाल झालंय त्याला गार पाण्याच्या घड्या, कॅलामाइन किंवा साधं मॉइश्चरायझर, आणि भरपूर पाणी प्यायला द्या. बर्फ नको, टूथपेस्ट नको. फोड आले, ताप आला, मूल मलूल झालं तर सरळ डॉक्टरकडे.

पुरुष माणसाने काय लावायचं म्हणता, पण मुलगा तुमच्याकडेच बघतोय ना? तुम्ही सकाळी दाढी करताना त्याच्यासमोर तोंडाला, कानाला लावलंत तर त्याला वेगळं सांगावं लागणार नाही. दोघांनी एकत्र लावा. आणि केस विरळ असतील तर टाळू विसरू नका.

बाई, मी आजी आहे. आमच्या वेळी पोरं रामकुंडावर दिवसभर उघडी डुंबायची, कोणाला काही झालं नाही. सून नातीला रोज क्रीम फासते, त्या केमिकलची मला भीती वाटते. मी म्हणते खोबरेल लाव. नात काळी पडू नये असं मला पण वाटतं, पण हे जास्तच नाही का?
– पंचवटीहून एक आजी

आजी नमस्कार. तुमचं एक म्हणणं अगदी खरं आहे. आपल्या त्वचेत मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, जास्त असतं, ते आपल्याला उन्हापासून मुळातच थोडं जपतं, त्वचेचा कॅन्सर गोऱ्या कातडीच्या लोकांना जेवढा होतो तेवढा आपल्याकडे होत नाही. म्हणून घरात खेळणाऱ्या, संध्याकाळी बागेत जाणाऱ्या मुलीला रोज सकाळ-दुपार क्रीम लावायची गरज नाही हे सुनेला माझ्या नावाने सांगा. पण भर उन्हात जायचं असेल तेव्हा हवं. कातडी भाजते, वर्षानुवर्षं साठलेल्या उन्हाने डाग पडतात, सुरकुत्या लवकर येतात, वांग वाढतात, ते लहानपणी दिसत नाही एवढंच.

खोबरेलमध्ये ऊन अडवायची ताकद फार फार थोडी असते, त्यावर विसंबू नका. पण तुमचं खोबरेल रात्री हवंच आहे, झिंकवालं क्रीम नुसत्या पाण्याने निघत नाही, तेव्हा आधी तेलाचा हात फिरवून मग साध्या साबणाने आंघोळ घातली की छान निघतं, आणि तो हात तुमच्याइतका चांगला कोणाचा असणार. केमिकलचं म्हणाल तर घामोळ्यांना आपण गुलाबी कॅलामाइन लावतो ना, त्यात झिंक ऑक्साइडच असतं, आणि बाळाच्या लंगोटाच्या रॅशच्या क्रीममध्ये पण तेच. डी व्हिटॅमिनची काळजी वाटत असेल तर हातपाय उघडे ठेवून अंगणात खेळू द्या, आणि कमी असेलच तर डॉक्टर औषध देतात.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते आजी, नातीसमोर काळी पडशील असं म्हणू नका. तिचा रंग आहे तो छान आहे. क्रीम कातडी भाजू नये म्हणून लावतो एवढंच तिच्या कानावर पडू दे.

ताई, आमची द्राक्षबाग आहे, एप्रिल छाटणी झाली पण कामं चालूच आहेत. मुलगी चार महिन्यांची, तिला बांधावर घेऊन जावं लागतं. तिला कुठलं सनस्क्रीन चालेल?
– दिंडोरीकडून

कुठलंच नाही गं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला शक्यतो सनस्क्रीन लावायचं नाही, त्याची कातडी फार नाजूक असते. त्याला सावलीच पाहिजे. छाटणीनंतर बागेला पानोळा, म्हणजे पानांचा दाट पसारा, नसतो, एरवी वेलीखाली मिळते तशी सावली तुला आत्ता तिथे मिळणार नाही, म्हणून झोळी दाट आंब्याखाली किंवा कडुलिंबाखाली बांध, आणि सूर्य सरकला की झोळी पण सरकव. झोळीवर जाड चादर टाकून चारही बाजू बंद करू नकोस, आत कोंडून बाळ तापतं, वरून पातळ सुती कापड आणि बाजूने वारा खेळता ठेव. अकरा ते चार तिला घरीच कोणाजवळ ठेवता आलं तर बघ.

बागेत कामाला येणाऱ्या बायका साडीवरून जुना फुल शर्ट घालतात, डोक्याला-तोंडाला ओढणी घट्ट बांधतात, त्यांच्याकडे बघ, उन्हापासून जपायची याहून चांगली पद्धत मला माहीत नाही. तू पण तेच कर, फक्त डोळ्यांखाली, नाकावर आणि हाताच्या पंज्यांवर क्रीम लाव.

सातपूरला नोकरी, स्कूटरवर जाते, स्कार्फ, सनकोट, हातमोजे सगळं घालते. तरी आत सनस्क्रीन पाहिजे का? आणि मेकअपवरून परत कसं लावायचं?

स्कार्फ दाट असेल तर आतल्या भागाची चिंता नको, कपाळ आणि डोळ्यांभोवती लावा. ऑफिसमध्ये खिडकीच्या काचेशेजारी बसत असाल तर मात्र पूर्ण चेहऱ्याला हवं, काच भाजणारी किरणं अडवते पण कातडी काळवंडवणारी बरीचशी आत येऊ देते. परत लावताना आधी टिश्यूने घाम नुसता टिपायचा, चोळायचं नाही, मग स्टिक दोन-तीनदा फिरवायची, मेकअप फारसा हलत नाही. दिवसभर आतच असाल तर घरी निघायच्या आधी एकदा पुरे. आणि ट्यूब स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, उन्हात डिकी भट्टीसारखी तापते आणि क्रीम खराब होतं, पर्समध्येच असू द्या. दाबल्यावर आधी पाणी आणि मग गुठळी बाहेर आली किंवा वास बदलला की तारीख शिल्लक असली तरी ती ट्यूब टाकून द्या.